घरपोच वाचनालय आणि २० शिलिंगांची जहाजपट्टी

नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका खासगी वाचनालयाच्या घरपोच सेवेचा मी आठ महिन्यांपासून सभासद आहे. महसूल खात्यात तीस वर्षे सारा आणि फेरफारांच्या नोंदी हाताळल्यामुळे, खातेदाराने सरकारी आकारणीलाच हरकत घेतली तर पुढे काय होते, याचे मला कायम कुतूहल वाटत आले आहे. म्हणून मी सतराव्या शतकातील इंग्रज जमीनदार आणि संसद सदस्य जॉन हॅम्पडेन याचे चरित्र मागवले. ग्रंथपाल बाईंनी ते बाराव्या दिवशी पंचवटीत घरी पोहोचवले आणि सोबत त्या काळच्या संसदेवरचे एक पुस्तक स्वतःहून पाठवले.

या दुसऱ्या पुस्तकाशिवाय माझे वाचन अपुरे राहिले असते. चरित्रातून कळले ते एवढेच, की बकिंगहॅमशायरमध्ये वडिलोपार्जित जमिनी असलेल्या या गृहस्थाने १६२७ मध्ये राजाला सक्तीचे कर्ज देण्यास नकार देऊन कैद पत्करली आणि पुढे स्टोक मँडेव्हिल येथील जमिनीवर आकारलेली २० शिलिंगांची जहाजपट्टी, म्हणजे आरमारासाठी राजाने घेतलेला कर, भरली नाही. एवढ्या सधन माणसाने इतक्या लहान रकमेसाठी खटला का ओढवून घ्यावा, याचा उलगडा मात्र संसदेवरच्या पुस्तकात झाला. ही पट्टी प्रथेप्रमाणे संकटकाळी किनाऱ्यावरच्या गावांकडून घेतली जाई. राजा पहिल्या चार्ल्सने १६३४ मध्ये ती त्या गावांवर बसवली आणि पुढच्याच वर्षी समुद्र नसलेल्या परगण्यांवरही लादली, आणि तीही १६२९ पासून संसद न बोलावता. हॅम्पडेनची हरकत आकारणीच्या अधिकारालाच होती. १६३८ मध्ये १२ न्यायाधीशांपैकी ७ जणांनी राजाच्या बाजूने कौल दिला, परंतु ५ जण विरुद्ध गेल्यामुळे त्या विजयाचे वजन राहिले नाही, आणि १६४१ मध्ये संसदेने ही पट्टी बेकायदा ठरवली. हा भाग मी दोनदा वाचला.

१६४२ च्या जानेवारीत राजा ज्या पाच सदस्यांना पकडण्यासाठी स्वतः सभागृहात आला, त्यांत हॅम्पडेन होता. त्याच वर्षी राजा आणि संसद यांच्यात यादवी युद्ध पेटले, आणि १६४३ च्या जूनमध्ये चालग्रोव्हच्या लढाईत संसदेच्या बाजूने लढताना जखमी होऊन सहा दिवसांनी तो वारला.

उणिवाही नोंदवतो. चरित्राची बांधणी सुटलेली होती आणि नकाशाचे पान गायब होते. अशी प्रत देताना आधी सांगायला हवे. पंधरा दिवसांची मुदत कादंबरीला पुरते, अशा ग्रंथाला नाही. मात्र पुराची खूण मानल्या जाणाऱ्या, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत गोदावरीचे पाणी चढले त्या आठवड्यात, पंचवटीतल्या सभासदांची मुदत वाचनालयाने दंड न घेता वाढवली, हे मला फार मोलाचे वाटले.

खटल्यात हॅम्पडेनची बाजू मांडणारा वकील ऑलिव्हर सेंट जॉन याच्याविषयी काही मिळाल्यास पाठवावे, अशी मागणी मी कालच नोंदवली आहे.