बुजिब्बाचे विकतचे अंदाजपत्रक, एका वर्षाच्या जमाखर्चाशी ताडून पाहिलेले

२०२४ च्या ऑगस्टमध्ये माल्टातील बुजिब्बा या किनाऱ्यावरच्या गावी बिऱ्हाड हलवण्यापूर्वी आम्ही एका स्थलांतर-सल्लागाराकडून साडेतीन हजार रुपये भरून ‘दोन माणसांच्या दैनंदिन खर्चाचे अंदाजपत्रक’ विकत घेतले होते. चौदा पाने, रंगीत तक्ते आणि शेवटी ‘सोबत न्यावयाच्या वस्तू’ अशी एक यादी, असे त्याचे स्वरूप होते. रोजचा हिशेब रात्री वहीत उतरवून मगच झोपायचे, ही सवय मला माहेरची आहे. त्यामुळे वर्ष पुरे झाल्यावर माझी वही आणि ती चौदा पाने शेजारी शेजारी ठेवून रकाना रकाना ताडून पाहणे मला शक्य झाले. याच मार्गाने येणाऱ्या कुटुंबांना उपयोग व्हावा म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. सल्लागाराचे नाव मुद्दामच देत नाही, कारण अशी अंदाजपत्रके विकणारे ते एकटे नाहीत आणि चुकाही बहुधा सगळीकडे सारख्याच असाव्यात.

पहिला दोष मुखपृष्ठावरच आहे. तेथे बुजिब्बाचे वर्णन ‘शांत पर्यटनस्थळ’ असे केले असून पुढचे सगळे आकडे त्याच समजुतीवर बेतलेले आहेत. वस्तुतः बुजिब्बा आणि त्याला लागून असलेले आउरा ही दोन्ही ठिकाणे सेंट पॉल्स बे या गावात मोडतात आणि २०२१ च्या जनगणनेत हेच गाव संपूर्ण माल्टात सर्वाधिक लोकवस्तीचे ठरले. समुद्रासमोरच्या रस्त्यावर हॉटेले आणि छत्र्या मांडलेली उपाहारगृहे आहेत, पण दोन गल्ल्या आत शिरले की हॉटेलांत, रुग्णालयांत आणि बांधकामांवर काम करणाऱ्यांची भाड्याची घरे सुरू होतात. त्यांत भारतीयही पुष्कळ आहेत. कॉफीचा दर या दोन गल्ल्यांत बदलतो, भाजीचा बदलतो, बोलण्याची भाषासुद्धा बदलते. अंदाजपत्रक मात्र समुद्राकडे तोंड करूनच लिहिलेले आहे.

घरभाड्याचा आकडा बरोबर निघाला, हे आधी मान्य केले पाहिजे. त्यांनी दोन खोल्यांच्या सुसज्ज घरासाठी ९०० युरो धरले होते आणि आम्हाला ते ९५० युरोंना मिळाले. परंतु किल्ली हातात पडण्याच्या दिवशी किती रक्कम लागेल, हे त्या चौदा पानांत कोठेही नाही. पहिल्या महिन्याचे भाडे ९५०, अनामत ९५०, दलालाचे अर्ध्या महिन्याचे भाडे ४७५ आणि त्या दलालीवर १८ टक्के कर म्हणजे आणखी ८५.५०, अशी एकूण २,४६०.५० युरोंची रक्कम आम्हाला आठ दिवसांत उभी करावी लागली. भाडे आणि अनामत एवढेच धरून आम्ही १,९०० युरो वेगळे काढून निश्चिंत झालो होतो. या भाड्याचे वजन समजून घ्यायचे असेल, तर २०२५ मध्ये माल्टाचे किमान वेतन आठवड्याला २२१.७८ युरो, म्हणजे महिन्याला सुमारे ९६१ युरो होते, हे लक्षात घ्यावे. एका माणसाचा तळाचा पगार संपूर्णपणे भिंतींवर खर्च होतो. त्यामुळे घरातल्या दुसऱ्या माणसाला काम मिळेपर्यंतच्या महिन्यांची स्वतंत्र तरतूद करणे हा अशा अंदाजपत्रकाचा गाभा असायला हवा होता, पण तेथे पहिल्या महिन्यापासूनच दोन पगार गृहीत धरलेले आहेत.

जाता जाता सांगते, माल्टी भाषेत भाड्याला ‘केरा’ म्हणतात. प्रथम ऐकल्यावर मला आपला केरकचरा आठवला, नंतर उलगडा झाला की हा शब्द अरबीतून आलेला असून आपल्याकडे फिरत फिरत पोहोचलेल्या ‘किराया’चा तो सख्खा भाऊबंद आहे.

कराराविषयी अंदाजपत्रकात जी एक ओळ आहे, ती तर थेट नुकसान करणारी आहे. ‘हंगामात भाडे वाढते, म्हणून हिवाळ्यापुरता सहा महिन्यांचा करार करून उन्हाळ्यात पुन्हा घासाघीस करावी’, असा सल्ला त्यांनी दिला आहे. १ जानेवारी २०२० पासून तेथे खाजगी निवासी भाड्यासाठी स्वतंत्र कायदा लागू आहे. त्यानुसार कायम राहण्यासाठी घेतलेल्या घराचा करार किमान एका वर्षाचा असतो, त्याची गृहनिर्माण प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते आणि मधल्या काळात भाडे वाढवायचेच झाले, तरी वर्षाला पाच टक्क्यांच्या वर जाता येत नाही. सहा महिन्यांनंतर एक महिन्याची सूचना देऊन भाडेकरूला घर सोडता येते, म्हणजे अडकून पडण्याची भीतीही नाही. जून महिना उजाडताच पर्यटकांसाठी घर रिकामे करून देण्याची वेळ जेथे भाडेकरूंवर येऊ शकते, अशा किनारपट्टीच्या गावात हा नोंदलेला कागद म्हणजे भाडेकरूची खरी ढाल आहे.

त्याच कागदाचा दुसरा उपयोग विजेच्या बिलासाठी होतो, आणि माझ्या मते या अंदाजपत्रकाची सर्वांत मोठी उणीव येथेच आहे. त्यांनी ‘वीज व पाणी: ६० युरो’ असे लिहून विषय संपवला आहे. माल्टात घरगुती विजेचे दोन दर आहेत. ज्या घरात राहणारी माणसे त्या पत्त्यावर नोंदलेली आहेत, त्या घराला वर्षातील पहिल्या २,००० युनिटांसाठी सुमारे साडेदहा सेंट दर पडतो. जे घर कागदोपत्री कोणाचेही नेहमीचे राहण्याचे नाही, म्हणजे सुट्टीतले किंवा रिकामे समजले जाते, त्याला तीच वीज साडेतेरा सेंटांच्याही पुढे जाते. आमच्या घरमालकाने घर पूर्वी पर्यटकांना दिलेले असल्यामुळे मीटरवर कोणीच नोंदलेले नव्हते, आणि पहिले बिल चढ्या दराने आल्यावर आम्हाला हा सगळा प्रकार कळला. फक्त त्या पहिल्या टप्प्याचाच फरक वर्षाला साठ युरोंच्या आसपास होतो. शिवाय मर्यादेत वीज वापरणाऱ्या घरांना मिळणारी सवलत हातची जाते ती वेगळीच.

पाण्याचेही तसेच आहे. नोंदलेल्या प्रत्येक माणसामागे वर्षाला ३३ घनमीटर पाणी सुमारे १.४० युरो दराने मिळते आणि त्यापुढच्या प्रत्येक घनमीटरला पाच युरोंहून अधिक मोजावे लागतात. माणशी दिवसाला सुमारे ९० लिटर असा तो हिशेब येतो. बादलीभर पाण्यात आंघोळ उरकणाऱ्या माणसाला ते सहज पुरते, परंतु मीटरवर माणसेच शून्य असतील, तर या काटकसरीचे कौतुक करणारे तेथे कोणी नसते. नोंदलेला करार जोडून ‘फॉर्म एच’ भरायचा, की दोन माणसे मीटरवर चढतात. ही एक ओळ त्या चौदा पानांत असती, तर साडेतीन हजार रुपये वसूल झाले असते.

नळाचे हे पाणी निम्म्याहून अधिक समुद्राचे गोडे केलेले असते. ते पिण्यास सुरक्षित असले, तरी त्याची चव चहात लपत नाही, म्हणून बहुतेक घरांत बाटलीचे पाणी येते. बाटलीमागे दहा सेंट अनामत द्यावी लागते आणि रिकाम्या बाटल्या यंत्रात टाकल्यावर ती परत मिळते. २०२२ च्या नोव्हेंबरपासून लागू झालेली ही पद्धत अंदाजपत्रकात नाही. रक्कम लहान आहे, पण घरात एका कोपऱ्यात बाटल्यांची पिशवी कायमची वस्तीला येते.

आता ओलीविषयी. अंदाजपत्रकात ‘वर्षभर सूर्यप्रकाश, हिवाळ्याचा वेगळा खर्च नाही’ असे ठळक अक्षरांत छापले आहे. माल्टातील घरे तेथल्याच चुनखडी दगडाची किंवा सिमेंटच्या विटांची असतात, भिंतींत उष्णतारोधक थर सहसा नसतो आणि सगळे घर गरम करण्याची सोय तर नसतेच. जानेवारीत बाहेर दहा ते पंधरा अंश तापमान असते, जे पुणेकराला हसण्यावारी नेण्यासारखे वाटेल. परंतु समुद्राची दमट हवा त्या थंड भिंतींवर येऊन बसते आणि घरात बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा जाणवतो. संक्रांतीला नेसावी म्हणून मी कपाटातून पैठणी काढली, तेव्हा तिच्या घडीवर, पदराच्या मोरापासून चार बोटांवर, हिरवट ठिपक्यांची एक ओळ उमटलेली होती. कपाटामागची भिंत बोटाने पुसली, तर बोट काळे झाले. त्याच आठवड्यात हवेतील ओल शोषणारे यंत्र घेतले. त्याचे १९० युरो आणि ते रोज चालवल्याची वीज असे दोन्ही आकडे माझ्या वहीत आहेत. शेजारच्या माल्टी आजींनी ते पाहून ‘इतके दिवस नव्हते का?’ असे विचारले, म्हणजे ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या घरी हा खर्च चुलीइतकाच गृहीत असतो.

स्वयंपाकघराच्या बाबतीत मात्र अंदाजपत्रक उलट्या दिशेने चुकले आहे. त्यांनी दोघांच्या किराण्यासाठी ४५० युरो धरले होते आणि आमचा खर्च सरासरी ३२० युरोंच्या वर गेला नाही. त्यांनी बहुधा किनाऱ्यालगतच्या लहान दुकानांचे भाव घेतले असावेत. आम्ही महिन्याचे सामान लिडल या सुपरमार्केटमधून आणतो, आणि भाजी गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या ट्रकवरून घेतो किंवा मंगळवारी व शनिवारी भरणाऱ्या ता आली येथील शेतकरी बाजारातून. हिवाळ्यात फ्लॉवर, पालेभाज्या आणि नवलकोल इतका ताजा असतो, की नवलकोलाची पाने वेगळी काढून त्यांची भाजी होते. माल्टी पाव बाहेरून कडक आणि आतून जाळीदार असतो. मिसळीच्या रश्शात तो आपल्या पावासारखा विरघळत नाही, पण दुसऱ्या घासापासून तोच बरा वाटू लागतो. बहुतांश खाद्यपदार्थांवर तेथे मूल्यवर्धित कर शून्य आहे, याचाही परिणाम बिलावर दिसतो. तूरडाळ, पोहे आणि मोहरी भारतीय आणि नेपाळी किराणा दुकानांत मिळतात. ज्वारीचे पीठ मिळाले तर नशीब समजावे.

बाहेरच्या खाण्यासाठी त्यांनी धरलेले २०० युरो पर्यटकाला पुरतील की नाही कोण जाणे, आम्हाला ते निम्मे पुरले. रिकोटा या मऊ चीजचे किंवा वाटाण्याचे सारण भरलेली पास्तित्सी ही पापुद्र्यांची करंजी एका युरोच्या आत मिळते आणि दोन खाल्ल्या की रात्रीच्या जेवणाची आठवण राहत नाही.

‘सोबत न्यावयाच्या वस्तू’ या यादीवर मात्र फुली मारावी. त्यात दोन किलो साजूक तूप, पेढे आणि ताजा कढीपत्ता लिहिला आहे. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून मांस किंवा दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत आणि ताजा पाला, फळे व भाज्या यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. नारळ, केळी, अननस यांसारख्या मोजक्या फळांनाच त्यातून सूट आहे. म्हणजे नारळ चालतो, पण त्याच्या फोडणीचा कढीपत्ता चालत नाही. आमचे तूप विमानतळावर काढून घेतले गेले आणि ते योग्यच होते. चूक यादीवर विश्वास ठेवणाऱ्या आमची होती. याउलट, तेथे जाऊन मिक्सर घेण्यासाठी त्यांनी १२० युरो धरले आहेत, त्यांची मुळीच गरज नाही. माल्टातील वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे. खोबणी तेवढी ब्रिटिश पद्धतीची तीन चपट्या पिनांची असते, त्यामुळे घरचा मिक्सर एका लहानशा अडॅप्टरवर चटणी वाटतो.

बसच्या रकान्यात दोघांचे मिळून ५२ युरो आहेत. हा आकडा शिळा आहे. स्वतःच्या नावाचे ‘तालिन्या’ हे बसचे कार्ड असणाऱ्या रहिवाशांना १ ऑक्टोबर २०२२ पासून बसप्रवास मोफत आहे. कार्ड हाती येईपर्यंत मात्र तिकीट काढावे लागते आणि उन्हाळ्यात ते अडीच युरोंचे असते, म्हणून पहिल्या महिन्यापुरती तरतूद ठेवावी आणि पुढे हा रकानाच पुसून टाकावा.

उत्पन्नाच्या बाजूला तर त्यांनी वार्षिक पगाराला बाराने भागून हात झटकले आहेत. तेथे नोकरदाराला पगाराशिवाय कायद्याने वर्षातून चार वेळा ठरावीक रक्कम मिळते: मार्च आणि सप्टेंबरमध्ये प्रत्येकी १२१.१६ युरो, जून आणि डिसेंबरमध्ये प्रत्येकी १३५.१० युरो. पूर्ण वर्षाचे हे ५१२.५२ युरो होतात. नोकरी मध्येच सुरू झाली, तर त्या प्रमाणात ते कमी येतात. आमच्या ओल शोषणाऱ्या यंत्राचे बरेचसे पैसे डिसेंबरच्या या रकमेतूनच निघाले.

एकंदर पाहता वर्षाचा खर्च त्यांच्या बेरजेपेक्षा फार वेगळा निघाला नाही, आणि याच गोष्टीचा सल्लागारांना अभिमान वाटला. मी माझ्या वहीचा तक्ता त्यांना पाठवला, तेव्हा ‘पाहा, आमचा अंदाज चार टक्क्यांत बरोबर आला’ असे उत्तर आले. किराण्यात फुगवलेले पैसे ओलीत आणि विजेत बुडाले आणि बसचे पैसे दलालाच्या खिशात गेले, म्हणून बेरीज जमली, हे त्यांना पटवून देण्याचा मी दोनदा प्रयत्न केला. पाचांपैकी दोन तारे देत आहे, एक भाड्याच्या अचूक आकड्यासाठी आणि दुसरा तक्त्याच्या नेटक्या मांडणीसाठी, जी मी माझ्या वहीत उचलली आहे. नवी आवृत्ती काढणार असल्याचे त्यांनी कळवले आहे. ती घेणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वी एवढेच विचारावे, की वस्तूंच्या यादीतून तूप निघाले का आणि ‘फॉर्म एच’ कोणत्या पानावर आहे.