परदेशी रॉयल्टी: कॅश की मर्कंटाइल?
समजा अमेरिकन कंपनीने तुमचं पेटंट वापरायला घेतलंय, आणि करारात लिहिलंय की विक्री ठरावीक आकड्याच्या वर गेली तरच रॉयल्टी. मग भारतात टॅक्स कधी? ते तुम्ही हिशेब कॅश पद्धतीने ठेवता की मर्कंटाइल, यावर ठरतं. तुम्ही टॅक्ससाठी भारताचे रेसिडेंट (रहिवासी) असाल तर परदेशातलं उत्पन्नही इथे धरतात, हे आधी डोक्यात ठेवा.

कॅश पद्धत सोपी, पैसे आले त्या वर्षात दाखवायचे, अट कधी पूर्ण झाली वगैरे भानगड नाही. (अमेरिकेतल्या खात्यात आले तरी आलेच हां, भारतात आणेपर्यंत टळत नाही.)

मर्कंटाइलमध्ये खरी गंमत आहे. पैसे हातात नसले तरी हक्क पक्का झाला की उत्पन्न झालं, पण हक्कच अटीवर लटकलेला असेल तर नुसत्या करारावर सही झाली म्हणून टॅक्स लागत नाही, सुप्रीम कोर्टाने ससून केसमध्ये 1954 लाच सांगितलंय की आधी येणं निर्माण व्हायला हवं. म्हणजे मार्चमध्ये आकडा पार झाला आणि पैसे जूनमध्ये आले तर उत्पन्न मार्चच्या वर्षातलं. तिकडे कापलेल्या टॅक्सचं क्रेडिटही (म्हणजे तो इथल्या टॅक्समधून वळता होणं) इथे उत्पन्न दाखवाल त्याच वर्षी मिळतं, पण तो कापला जातो पैसे येताना जूनमध्ये, त्यामुळे वर्षांचा घोळ होतो. एकट्यादुकट्या संशोधकाला मी तरी कॅशच सुचवेन, फक्त दरवर्षी सोयीप्रमाणे पद्धत बदलत बसू नका.