‘शॉट अप’चा दीड तास : टिळकवाडीतील इंग्रजी संभाषण वर्गाचा अनुभव

बेळगावच्या भाजी मार्केटमधील एका अडत दुकानात मी हिशेब आणि पत्रव्यवहार पाहतो. आमचा बराचसा माल गोव्याला जातो आणि तिथल्या हॉटेलांना इंग्रजीतून लिहावे लागते. गेल्या पावसाळ्यात टोमॅटो महागल्याचे कळवताना मी ‘वी शॉट अप द रेट’ असे लिहून पाठवले. त्यात काय चुकले हे टिळकवाडीतील एका संध्याकाळच्या इंग्रजी संभाषण वर्गात समजले, म्हणून त्या वर्गाविषयी लिहीत आहे.

सरांनी सबंध दीड तास ‘शॉट अप’ म्हणजे एकदम वर जाणे या एकाच शब्दप्रयोगाला दिला. अर्थ सांगण्याआधी त्यांनी विचारले, की भाव एकदम वाढले तर तुम्ही घरी काय म्हणता? कडाडले, भडकले, गगनाला भिडले अशी उत्तरे आली. कन्नड माध्यमातून शिकलेल्या एका मुलीने ‘बेले गगनक्केरिदे’ असे सांगितले, तेव्हा दोन्ही भाषांतील भाव एकाच आभाळाला टेकतात हे सगळ्यांच्याच लक्षात आले. मग त्यांनी मुख्य भेद दाखवला. मराठीत भाव चढतात आणि व्यापारी ते चढवतोही. इंग्रजीत मात्र भाव आपणहून ‘शॉट अप’ होतो, आणि चढवणारा सांगायचा असेल तर ‘रेज्ड’ किंवा ‘पुश्ड अप’ म्हणावे लागते. ‘शॉट अप’ला कर्म जोडले, तर गोळीबार करून नासधूस केल्याचा अर्थ निघतो. माझ्या पत्रातील चूक नेमकी हीच होती.

दर 20 रुपयांवरून 60 रुपयांवर गेला, तर तो ‘टू सिक्स्टी’ गेला आणि ‘बाय फॉर्टी’ वाढला. आपल्या ‘वर’ आणि ‘ने’ यांच्याशी सांगड घातल्यामुळे हे मला आता विसरायचे नाही. वर्षभरात ताडमाड वाढलेल्या मुलालाही हेच क्रियापद चालते, कारण ‘शूट’ म्हणजे कोंबही. एकाने राजहंसगडाच्या चढणीला ते लावले, तेव्हा सरांनी थांबवले : चढ कितीही खडा असला, तरी माणूस तो दमत, थांबत चढतो आणि या शब्दात वेग हवाच; तिथे ‘क्लाइम्ब्ज स्टीपली’ बरे. दुधाचा दर दोन रुपयांनी वाढला, तरीही हा शब्द शोभत नाही.

उणिवा सांगितल्याच पाहिजेत. माणसाला कर्ता करून ‘शूट अप’ म्हटले, तर सुईने अमली पदार्थ टोचून घेण्याचा अर्थही होऊ शकतो. तरुण मुले मुलाखतींसाठी येतात तिथे ही सूचना पहिल्याच दिवशी द्यायला हवी होती, ती मला शब्दकोशात सापडली. वर्गात तीसच्या वर माणसे बसतात, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला बोलायला जेमतेम एक-दोन वाक्ये येतात. टिपणांच्या झेरॉक्स प्रती इतक्या फिकट आहेत, की उदाहरणे घरी पुन्हा लिहून काढावी लागली.

तरीही मराठी आणि कन्नड या दोन्हींना आधार मानून इंग्रजी शिकवणारा वर्ग मी यापूर्वी पाहिला नव्हता, आणि आपल्या भागातील शिकणाऱ्याला मला वाटते हाच मार्ग सोयीचा आहे. पुढच्या तुकडीत नाव घालणाऱ्यांनी वेळेआधी पोहोचून पुढचे बाक धरावेत. मागे बसल्यास रस्त्यावरच्या वाहनांमुळे उच्चार नीट ऐकू येत नाहीत.