ऑनलाइन वर्गासाठी वेबकॅम की कपाटातला कॅमेरा?

मी शनिवार-रविवारी सकाळी ऑनलाइन मोडी शिकवतो. वर्गात बारा-चौदा जण असतात: पुण्या-नाशिकचे, इंदूर-बडोद्याचे, दोघं अमेरिकेतले आणि एक तंजावरची मुलगी. तिला तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयातले मोडी कागद वाचायचे आहेत. या मंडळींना माझा चेहरा दिसला नाही तरी चालतं. कागद, बोरू आणि बोरूचं टोक मात्र दिसलंच पाहिजे. म्हणून नवा वेबकॅम घ्यावा की घरात पडून असलेला फोटोचा कॅमेराच लॅपटॉपला जोडावा, हा प्रश्न माझ्यापुढे होता. दोन्ही वापरून झालं. वेबकॅम आठ-नऊ महिने वापरला, कॅमेऱ्याला आता दोन वर्षं होतील.

वेबकॅमची बाजू आधी सांगतो, कारण ती खरंच भक्कम आहे. तार लावली की चित्र आलं. वजन जवळजवळ नाही, त्यामुळे टेबललॅम्पच्या दांडीला चिमट्याने अडकवला तरी हलत नाही. लॅपटॉपच्याच विजेवर चालतो, म्हणून लाइट गेली तरी वर्ग सुरू राहतो. चित्र टिपणारा सेन्सर चिमुकला असल्यामुळे पुढचं-मागचं बहुतेक सगळं स्पष्ट दिसतं. ज्यांना फक्त चेहरा दाखवून मीटिंगा करायच्या आहेत, त्यांनी माझ्या मते फार विचार करू नये, बरा वेबकॅम घ्यावा. फक्त ४के (खूप बारीक तपशिलाचं चित्र) म्हणून जास्तीचे पैसे मोजू नयेत. व्हिडिओ कॉलमध्ये पुढच्या माणसापर्यंत बहुतेक वेळा ७२०पी (बऱ्याच कमी तपशिलाचं चित्र) किंवा त्याहून कमीच पोचतं.

चित्रात काळसर पट्टे सरकताना दिसले तर वेबकॅम खराब आहे असं समजू नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, म्हणजे जुनी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, आणि वेबकॅम पुष्कळदा ६० वर लावलेला असतो. सेटिंगमध्ये ५० केलं की पट्टे जातात.

माझं घोडं अडलं ते निराळ्याच ठिकाणी. मोडी लिहिताना आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं, शक्यतो लेखणी न उचलता. त्यात जाड रेघ आणि बारीक रेघ यांचाच सगळा खेळ. वेबकॅमच्या खाली पांढरा कागद ठेवला की त्याला वाटतं उजेड फार झाला, तो चित्र काळवंडतो आणि कागद राखाडी दिसायला लागतो. मग माझा हात आत येतो. हात सावळा, बाही निळी. आता त्याला उजेड कमी वाटतो, तो चित्र उजळवतो आणि कागद असा भगभगीत होतो की बारीक रेघ पार विरून जाते. म्हणजे मी लिहीत असतो नेमकं तेव्हाच लिहिलेलं दिसत नाही. हात बाजूला घेतला की दोन-तीन सेकंदांत पुन्हा राखाडी. तासभर चित्र असं श्वास घेतल्यासारखं वर-खाली होत राहायचं. एका काकूंनी विचारलंही, "सर, तुमच्याकडे ढग येतायत का?"

एक्स्पोजर, म्हणजे चित्र किती उजळ यावं ते, ऑटोवरून काढून हाताने पक्कं करता येतं, हे मलाही माहीत होतं. मी ते करायचो आणि तेवढ्यापुरतं छान चालायचं. पण तार काढून पुन्हा लावली किंवा लॅपटॉप रीस्टार्ट केला की माझ्याकडचा वेबकॅम सगळं विसरून पुन्हा ऑटोवर जायचा. दर शनिवारी पहिली पाच मिनिटं सरकपट्ट्या ओढण्यात जायची, आणि विद्यार्थी गप्प बसून बघत राहायचे. फोकसचंही तेच: बोरू मध्ये आला की फोकस कागद सोडून बोटांच्या मागे धावायचा. सगळेच वेबकॅम असं करत असतील असं म्हणवत नाही. काहींच्या सोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग टिकत असेलही. पण माझा निर्णय या एका कटकटीने केला.

कॅमेऱ्यावर हे सगळं एकदाच करावं लागलं. डायल मॅन्युअलवर, शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा) १/५० सेकंद, ॲपर्चर (भिंगाचं तोंड किती उघडायचं) एफ/८, फोकसही हाताने कागदावर लावलेला. या आकड्यांना मी दोन वर्षांत जेमतेम दोन-चार वेळा हात लावला असेल. हात आत येवो, बाहेर जावो, कागद आहे तितकाच पांढरा राहतो. पहिल्याच वर्गात तंजावरच्या मुलीने विचारलं, "सर, बोरूच्या टोकाला मधोमध चीर आहे का?" तोवर ती चीर कुणाला दिसलीच नव्हती.

कॅमेरा जोडायच्या वाटा तीन. पहिली कंपन्यांच्या सॉफ्टवेअरची. २०२० च्या लॉकडाउनमध्ये वेबकॅम बाजारात मिळेनासे झाले, तेव्हा कॅमेरा कंपन्यांनी कॅमेऱ्याला वेबकॅम बनवणारी आपापली सॉफ्टवेअर मोफत दिली. एप्रिलअखेर कॅननने सुरुवात केली, मे महिन्यात फुजीफिल्म, ऑगस्टमध्ये सोनी आणि निकॉन. साधी यूएसबी तार पुरते, ही यातली मोठी सोय. पण माझ्याकडे या मार्गाने चित्र मऊ यायचं आणि हात बोलण्याच्या मागे पडायचा. दुसरी वाट एचडीएमआय (टीव्हीला जोडतात ती तार) आणि कॅप्चर कार्डची (त्या तारेतलं चित्र यूएसबीवरून लॅपटॉपला देणारी डबी), मी तीच धरली. हजाराच्या आतबाहेर मिळणारं कार्ड या कामाला पुरतं. त्याच्या खोक्यावर ४के लिहिलेलं असलं तरी ते बहुधा आत येणाऱ्या सिग्नलबद्दल असतं, लॅपटॉपला त्याहून कमी तपशिलाचं १०८०पीच मिळतं. आणि आपला कॅमेरा स्वच्छ एचडीएमआय देतो का, म्हणजे स्क्रीनवरचे आकडे आणि फोकसची चौकट वगळून नुसतं चित्र बाहेर पाठवतो का, हे कार्ड घ्यायच्या आधी तपासावं. घरच्या टीव्हीला जोडून पाहिलं की दोन मिनिटांत कळतं. तिसरी वाट अलीकडच्या कॅमेऱ्यांची. सोनीच्या झेडव्ही-ई१० सारखे कॅमेरे थेट यूएसबीवर वेबकॅम म्हणूनच उभे राहतात. तसा कॅमेरा हाताशी असेल तर कार्डाची गरजच नाही.

कॅमेऱ्याच्या अडचणी लपवण्यात अर्थ नाही. बॅटरी मला सव्वा तास पुरायची आणि वर्ग दीड तासाचा, म्हणून डमी बॅटरी घ्यावीच लागली. बॅटरीच्या आकाराचा ठोकळा आत, त्याची तार बाहेर ॲडाप्टरला. ती घेतली आणि लाइट गेली की कॅमेरा बंद, ही नवी अडचण आली. घरच्या इन्व्हर्टरवरचा प्लग दिल्यावर ती मिटली. काही कॅमेरे अर्ध्या तासाने आपणहून झोपतात, त्यासाठी मेनूतलं ऑटो पॉवर ऑफ बंद करावं. तेवढ्याने भागतंच असं नाही. काही जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यांत लाइव्ह व्ह्यूच, म्हणजे स्क्रीनवर दिसणारं चालू चित्रच, तीस मिनिटांवर थांबतं. मे महिन्यात एकदा कॅमेरा तापून बंद पडला होता, तेव्हापासून मागचा स्क्रीन उघडून ठेवतो आणि पंखा चालू ठेवतो. शिवाय अर्धा-पाऊण किलोचं वजन कागदावर अधांतरी धरायचं, तर स्टँड दणकटच हवा. माझ्या पहिल्या स्टँडची मान दर दहा मिनिटांनी खाली यायची.

आवाज आणि चित्र यांच्यातलं अंतर कार्डानेही पूर्ण जात नाही. अक्षर शिकवताना ते चालून जातं. तबला किंवा हार्मोनियम शिकवणाऱ्यांनी मात्र हा मुद्दा हलका घेऊ नये. आधी एक मीटिंग रेकॉर्ड करून त्यात टाळी वाजवून बघावी, मगच खर्च करावा.

मधल्या काळात मोबाइलही लावून पाहिला. चित्र उत्तम. पण ऐन वर्गात फोन आला की सगळं थांबतं, आणि तो फोन दीड तास दुसऱ्या कशाला वापरता येत नाही. जुना फोन पडून असेल तर मात्र हा पर्याय वाईट नाही.

फक्त यासाठी नवा कॅमेरा विकत घ्या, असं मी कुणाला सांगणार नाही. पण लॉकडाउनआधी हौसेने घेतलेला आणि आता बॅगेतच असलेला कॅमेरा बऱ्याच घरांत आहे. टेबलावरचं काहीतरी दाखवून शिकवायचं असेल, मग ते अक्षर असो, रांगोळी असो की भरतकाम, तर वेबकॅमच्या दुकानात जाण्याआधी तो कॅमेरा बाहेर काढावा, टीव्हीला जोडावा, डायल मॅन्युअलवर न्यावी आणि पांढऱ्या कागदावर हात फिरवून बघावा. टीव्हीवर कागद आणि रेघ दोन्ही दिसली तर आधी डमी बॅटरी घ्या, मग कार्ड. स्टँडवर मात्र थोडे जास्त पैसे घाला.