पर्यायी अमिनो आम्ल : सगळीकडे बसवायचं की एकाच जागी?

दिवाळीनंतर एम.एस्सी.ची मुलं प्रोजेक्टचं विचारायला येतात. यंदा जळगावच्या दोघींचा प्रश्न सारखाच निघाला. ई. कोलाय या जिवाणूकडून वीस नेहमीच्या अमिनो आम्लांपलीकडचं एखादं आम्ल प्रथिनात बसवून घ्यायचंय, पण कोणत्या पद्धतीनं?

पहिली पद्धत जुनी. मेथिओनीन (वीसपैकी एक आम्ल) स्वतः तयार करू न शकणाऱ्या ई. कोलायला काउई आणि कोहेन यांनी सेलेनोमेथिओनीन दिलं, आणि तो त्यावर वाढला. हे १९५७ साली. दोन्हींत फरक एका अणूचा, गंधकाच्या जागी सेलेनियम. मेथिओनीन टीआरएनएवर (अमिनो आम्ल प्रथिनाच्या साखळीपर्यंत नेणारा रेणू) चढवणाऱ्या एन्झाइमला तो ओळखू येत नाही, म्हणून प्रथिनात जिथे मेथिओनीन यायचं तिथे सेलेनोमेथिओनीन येतं.

आपल्याकडे तसा खास स्ट्रेन (जिवाणूचा वाण) नसला तरी अडत नाही, आणि यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. बीएल२१ हा ई. कोलायचा साधा स्ट्रेन मिनिमल मीडियात, म्हणजे तयार अमिनो आम्लं नसलेल्या द्रावणात, वाढवायचा. इंडक्शनच्या, म्हणजे पेशीला आपलं प्रथिन बनवायला लावण्याच्या, पंधरा मिनिटं आधी लायसीन, थ्रिओनीन, फिनाइलअ‍ॅलनीन, ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलीन घालायचं, सोबत लिटरला साधारण ६० मिलिग्रॅम सेलेनोमेथिओनीन. लायसीन, थ्रिओनीन आणि मेथिओनीन एकाच वाटेवर तयार होतात. पहिली दोन भरपूर मिळाली की पेशी ती वाट सुरुवातीलाच अडवते, आणि मेथिओनीनसाठी तिला आपण दिलेल्यावरच भागवावं लागतं. सेलेनोमेथिओनीनची पावडर विषारी आहे. ग्लोव्हज आणि मास्कशिवाय डबी उघडू नका. प्रथिन शुद्ध करताना बफरमध्ये डीटीटी हे ऑक्सिडेशन रोखणारं रसायन हवंच, कारण सेलेनियमचं ऑक्सिडेशन लवकर होतं. बदल झाला का, हे वस्तुमानावरून कळतं : प्रत्येक जागेमागे सुमारे ४७ डाल्टनची वाढ. मोजताना लक्षात ठेवा, सुरुवातीचं मेथिओनीन पेशी बऱ्याचदा कापून टाकते.

दुसऱ्या पद्धतीत आपण जागा निवडतो. २००१ मध्ये पीटर शुल्ट्झ यांच्या गटानं एका मिथेन तयार करणाऱ्या आर्कियाकडून (जिवाणूंहून वेगळा एकपेशीय सूक्ष्मजीव) टीआरएनए आणि त्याच्या एन्झाइमची जोडी घेतली, त्यात बदल केले आणि ती ई. कोलायमध्ये घातली. ही जोडी यूएजी हा थांबण्याचा कोडॉन (जीनच्या संदेशातला तीन अक्षरी संकेत) वाचते आणि तिथे नवं आम्ल बसवते. ई. कोलाय तीन थांब्यांपैकी हाच सगळ्यात कमी वापरतो, म्हणून त्याची निवड.

अडचण अशी की पेशीतला आरएफ१ नावाचा घटकही तिथेच येतो आणि साखळी तोडतो. प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर मग पूर्ण प्रथिनाच्या पट्टीखाली अर्धवट तुकड्याची पट्टी दिसते. जॉर्ज चर्च यांच्या गटानं २०१३ मध्ये जीनोममधले सगळे ३२१ यूएजी बदलून आरएफ१ काढून टाकला, पण तो स्ट्रेन हाताशी असेलच असं नाही. या पद्धतीत प्लास्मिडं (बाहेरचे जीन पेशीत नेणारी डीएनएची वर्तुळं) दोन, अँटिबायोटिकं दोन, आणि आम्ल महाग. म्हणून आधी जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या जीनमध्ये एक यूएजी घालून दोन नळ्या लावा, एकीत आम्ल, दुसरीत नाही. यूव्ही दिव्याखाली पहिली हिरवी चमकली आणि दुसरी काळोखात राहिली, तरच पुढे जा. दुसरीतही फिकट हिरवं दिसलं तर ती जोडी साधंच आम्ल बसवतेय. हा कंट्रोल न लावता आलेल्या आकड्यांवर माझा विश्वास बसत नाही.

आता आपल्या उन्हाबद्दल. मे महिन्यात खोलीच ४१ अंशांवर जाते. फक्त हीटर असलेला शेकर ३७ अंशांवर कसा राहणार? दोन वर्षांपूर्वी माझी एक बॅच अशीच वाया गेली. पेशी वाढल्या, प्रथिन गुठळ्या होऊन तळाला बसलं. कूलिंग असलेला शेकर नसेल तर मार्चनंतर कुठलीच पद्धत हाती घेऊ नये.

चार महिनेच हातात असतील तर मी पहिलीच सुचवतो. दोघींपैकी एकीला स्फटिकरचना काढायचीय; तिनं विचारही न करता तीच घ्यावी, सेलेनियम त्या कामासाठी वर्षानुवर्षं वापरात आहे. दुसरीला एन्झाइममधल्या टायरोसीन या अमिनो आम्लाच्या एकाच जागेचं काम तपासायचंय. सगळीकडचे मेथिओनीन बदलून तिच्या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही. तिनं दुसरीच पद्धत घ्यावी, पण जीएफपीच्या त्या दोन नळ्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच लावाव्यात.