ग्रॅनी स्क्वेअर की अमिगुरुमी? क्रोशे शिकताय तर आधी काय विणायचं

साखळी जमली, खांब (म्हणजे उंच टाके) बऱ्यापैकी एकसारखे यायला लागले की नवीन शिकणाऱ्या प्रत्येकाला पुढचा प्रश्न पडतोच, आता करू काय? आणि बहुतेक जण दोनच गोष्टींपाशी येऊन थांबतात, एक म्हणजे रंगीबेरंगी चौकोनांचं, म्हणजे ग्रॅनी स्क्वेअरचं ब्लँकेट आणि दुसरं म्हणजे अमिगुरुमी, म्हणजे हातात मावेल असं विणलेलं गोंडस अस्वल, ससा, ऑक्टोपस वगैरे. फोटोत दोन्ही सोप्पी दिसतात आणि दोन्ही शिकवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. पण हाताला दोन्ही कामं अगदी वेगळी लागतात, म्हणून जरा नीट लिहितेय.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असाल तर एवढं वाचलं तरी चालेल. पहिला प्रोजेक्ट म्हणून चौकोन घ्या, पण ब्लँकेट नका घेऊ. आठ-नऊ चौकोनांची उशीची एक बाजू, छोटी बॅग, खुर्चीवर टाकायचं आसन असं काहीतरी जे संपेल. आणि दुसरा प्रोजेक्ट अमिगुरुमी. असं का ते पुढे.

ग्रॅनी स्क्वेअरची सगळ्यात मोठी गंमत म्हणजे त्यात टाका शोधावा लागत नाही. पहिल्या फेरीत मधल्या गोलात तीन-तीन खांबांचे चार गट आणि कोपऱ्याला दोन साखळ्या, झालं. दुसऱ्या फेरीपासून सुई टाक्यात घालायचीच नाही, दोन गटांमधल्या मोकळ्या जागेत घालायची, आणि ती जागा डोळ्याला लांबून पण दिसते. कोपऱ्यात दोन गट, मधे दोन साखळ्या, बाजूच्या प्रत्येक जागेत एक गट. दर फेरीला चार गट वाढतात, म्हणजे 4, 8, 12, 16. चौथ्या फेरीत एका बाजूला चार गट दिसले नाहीत तर चुकलंय, इतकं सोपं मोजमाप. मधेच कोणी हाक मारली, उठून गेलात, परत आलात तरी कुठे होतो ते लगेच कळतं. ही रचना खूप जुनी पण आहे, 1885 साली अमेरिकेतल्या प्रेअरी फार्मर ह्या मासिकात अशा चौकोनाचा नमुना छापून आला होता, आणि आजही जवळपास तसाच विणतात.

एक गोष्ट मात्र व्हिडिओत पटकन कळत नाही, सगळ्या फेऱ्या एकाच बाजूने विणत गेलं की चौकोन हळूहळू पिळल्यासारखा तिरका होतो. फेरी संपली की काम उलटं करून पुढची फेरी दुसऱ्या बाजूने विणायची, तिरकेपणा जातो. छोट्या चौकोनाला नाही केलं तरी चालतं, पण एकच मोठा चौकोन वाढवत न्यायचा असेल तर आधीपासूनच तशी सवय लावा.

आता अमिगुरुमी. इथे सगळं सिंगल क्रोशेमधे, म्हणजे मुक्या खांबात असतं आणि तेही घट्ट, कारण आत भरलेला कापूस किंवा फायबर टाक्यांमधून बाहेर दिसायला नको. त्यासाठी लोकरीच्या वेष्टणावर जी सुई लिहिलेली असते त्यापेक्षा बारीक सुई घ्यावी लागते, 4 मिमी लिहिलं असेल तर 3 किंवा 2.5. आणि मग होतं काय, की सुईचं टोक टाक्याच्या दोन्ही धाग्यांखाली घालताना अक्षरशः ढकलावं लागतं, डावा अंगठा मागून आधार देतो, टाका क्षणभर ताणला जातो आणि मग सुई एकदम पलीकडे निघते. सवयीच्या हाताला यात काही वाटत नाही, नवीन हाताला अर्ध्या तासात मनगट बोलायला लागतं. दर थोड्या वेळाने हात मोकळा करा, जाड मुठीची सुई घेतली तर फरक पडतो.

सुरुवात मॅजिक रिंगने, म्हणजे ओढला की घट्ट मिटणाऱ्या दोऱ्याच्या फासाने, त्यात 6 टाके. मग दर फेरीला 6 वाढवायचे, 12, 18, 24, 30, 36. सहा वाढवले की चकती सपाट राहते, वाढवणं थांबवलं की ती वाटीसारखी वर वळते, कमी करत आणलं की गोळा बंद होतो. एवढ्या तीन गोष्टींवर अख्खं अमिगुरुमी उभं आहे, आणि हे पहिल्यांदा हातात घडताना पाहणं फार भारी असतं, मला आजही आवडतं. (सहापेक्षा बरेच जास्त वाढवत गेलात तर कडेला झालरी पडायला लागतात. ह्याच गोष्टीचा उपयोग करून गणितज्ञ डायना तायमिना यांनी 1997 साली हायपरबोलिक भूमिती (अशाच झालरीसारख्या वळणाऱ्या पृष्ठभागांची भूमिती) हातात धरून दाखवता येईल असे क्रोशेचे नमुने विणले, कॉर्नेल विद्यापीठात शिकवताना. क्रोशेला टाइमपास म्हणणाऱ्या कोणालाही हे जरूर सांगा.)

पण इथे टाका ओळखता यायलाच हवा, त्याला पर्याय नाही. फेरी संपली तरी ती जोडत नाहीत, गोल गोल पुढे जात राहतात, त्यामुळे पहिल्या टाक्यात मार्कर किंवा वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवायचा आणि दर फेरीला तो वर न्यायचा. मोजणं सुटलं की बाहुल्याचं डोकं एका बाजूला कलतं. समोर बडबड चालू आहे, टीव्ही चालू आहे आणि हात आपोआप चाललेत असं सुख चौकोनात मिळतं, बाहुल्यात सुरुवातीला तरी मिळत नाही. अजून एक, वाढवायचे टाके दर फेरीला बरोबर एकावर एक आले की गोल न होता षटकोन होतो, म्हणून एकाआड एक फेरीत वाढीची जागा थोडी सरकवायची. आणि कामाची सुलट बाजू बाहेर आहे ना ते बघा, बाहेरून टाके इंग्रजी व्ही सारखे दिसले पाहिजेत. आडव्या दांड्या दिसत असतील तर बाहुलं उलटं विणलं जातंय, भरायच्या आधी वाटी नुसती पालथी केली की झालं.

मग अमिगुरुमी आधी घ्यायला इतक्या जणांना का आवडतं? कारण ती संपते. हाताएवढ्या प्राण्याला 50 ग्रॅमचा एक गुंडा बऱ्याचदा पुरून उरतो, थोड्या दिवसांत वस्तू तयार होते आणि तिला चेहरा असतो. चेहरा आला की त्या वस्तूत जीव आला, लोक हातात घेतात, त्याला नाव देतात, आणि विणणाऱ्याला पुढचं करायचा हुरूप येतो. हे छोटं कारण नाहीये. छंद टिकायला पूर्ण झालेली वस्तू लागतेच.

ब्लँकेटचं नेमकं इथेच घोडं अडतं. साधा हिशोब करू. 12 सेंटीमीटरचा चौकोन धरा, सहा बाय आठ असे 48 चौकोन, म्हणजे 72 बाय 96 सेंटीमीटर, लहान बाळाच्या मापाचं. प्रत्येक चौकोनात चार फेऱ्या चार रंगांच्या असतील तर प्रत्येक रंगाची दोन टोकं, एका चौकोनाला 8, आणि 48 चौकोनांना 384 टोकं, सगळी सुईने आत लपवायची. त्यानंतर जोडणं आणि किनार. विणायला मजा येते म्हणून लोक भराभर चौकोन करत जातात, टोकं मागे लोंबत राहतात, आणि मग तो ढीग बघूनच काम कपाटात जातं. म्हणून मी म्हणते ब्लँकेट नको. किंवा करायचंच असेल तर चौकोन संपला की त्याच बैठकीत त्याची टोकं लपवून टाका, आणि शेवटची फेरी विणता विणताच शेजारच्या चौकोनाला जोडत जा, मग वेगळं शिवत बसावं लागत नाही. किंवा सरळ एकच मोठा चौकोन वाढवत न्या, जोडायची भानगडच नाही.

अर्थात अमिगुरुमीतही शेवटचं काम किचकटच, फक्त वेगळ्या जातीचं. कान, हात, पाय वेगवेगळे विणून शिवायचे असतात, आणि एक कान एक फेरी खाली गेला तरी चेहरा बदलतो. आधी टाचण्यांनी लावून, समोरून बघून, दोन्हीकडच्या फेऱ्या मोजून मगच शिवा. प्लॅस्टिकचे डोळे लावायचे असतील तर मागची चकती एकदा बसली की निघत नाही, म्हणून डोकं बंद करायच्या आधी पण थोडं भरून बघून मग दाबा. आणि चूक दुरुस्त करायची म्हटलं तर चौकोन उसवणं म्हणजे दोन मिनिटांचं काम, भरलेलं आणि शिवलेलं बाहुलं उसवणं जवळपास अशक्य. त्यामुळे ज्यांना सतत उसवून परत करायची सवय आहे (चांगलीच सवय आहे ती) त्यांना चौकोन जास्त मानवतो.

लोकर कुठली, यावर फार डोकं लावू नका पण थोडं लावा. चौकोनाला अ‍ॅक्रिलिक छान, हलकी असते, मशीनमधे धुता येते, रंग भरपूर मिळतात, फक्त गरम इस्त्री टेकवायची नाही, टाके वितळून कायमचे लुळे पडतात. अमिगुरुमीला मला कॉटन आवडतं, टाका स्वच्छ दिसतो आणि वस्तू आकार धरून राहते, पण कॉटन ताणत नाही त्यामुळे हात लवकर दुखतो, हे लक्षात घेऊन ठरवा. शुद्ध लोकर भेट द्यायच्या वस्तूला घेताना विचार करा, समोरच्याने गरम पाण्यात घुसळून धुतली की ती आटून नमदा होते. आणि दोन्हीसाठी सुरुवातीला फिकट, साधा, गुळगुळीत धागा घ्या, काळा किंवा केसाळ धागा कितीही सुंदर दिसला तरी त्यात टाका दिसत नाही. मोठं काम असेल तर एक चौकोन करून वजन करा, चौकोनांच्या संख्येने गुणा, जोडणी आणि किनारीसाठी वर थोडी धरा, आणि तेवढी लोकर एकाच डाय लॉटची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली, एकदम घ्या. नंतर आणलेल्या गुंड्याचा रंग दिवसाच्या उजेडात हटकून वेगळा दिसतो.

आता द्यायचं कोणाला, हा प्रश्न खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवा, कारण आपण विणतो त्यातलं निम्मंअधिक दुसऱ्याच्या घरी जातं. लहान मूल असेल तर बाहुलं द्यायचा मोह होतोच, पण तीन वर्षांच्या आतल्या मुलाला प्लॅस्टिकचे डोळे, मणी, बटणं काही नको, डोळे दोऱ्याने भरतकाम करून काढा, दिसायला तसूभरही कमी नाही. आणि वर्षाच्या आतलं बाळ असेल तर झोपताना त्याच्याजवळ सुटं ब्लँकेटही नको आणि मऊ बाहुलंही नको, दोन्ही वस्तू मोठ्यांच्या डोळ्यासमोर जाग्या वेळेत वापरायच्या, हे भेट देताना तोंडाने सांगा, संकोच नको. ग्रॅनीच्या जाळीत इवलीशी बोटं अडकतात, म्हणून बाळासाठी घट्ट विणीचा चौकोन बघा. मोठ्या माणसांना मात्र मी कायम चौकोनातलं काहीतरी देते. ते वापरलं जातं, अंगावर घेतलं जातं, बाहुलं बऱ्याचदा शोकेसमधे जाऊन बसतं.

चार जणींनी मिळून काही करायचं असेल तर चौकोनाला तोड नाही. प्रत्येकीने आपापल्या घरी बसून विणायचं आणि शेवटी एकत्र जोडायचं, फक्त लोकरीची जाडी, सुईचा नंबर आणि तयार माप आधी ठरवून घ्या. प्रत्येकीचा हात वेगळा असतो, कोणाचा सैल कोणाचा घट्ट, त्यामुळे सुई तीच असून पण माप चुकतं. थोडा फरक असेल तर ओलं करून टाचण्या लावून ताणून वाळवलं की बसतं. जास्त असेल तर जिचा हात घट्ट आहे तिला अर्धा मिमी जाड सुई द्या.

अमिगुरुमीची देण्यातली एक वेगळी वाट आहे. डेन्मार्कमधे 2013 साली वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी क्रोशेचे छोटे ऑक्टोपस विणून द्यायला सुरुवात झाली, कल्पना अशी की बाळ नळ्या ओढण्याऐवजी ते गुंडाळलेले पाय धरून ठेवेल, आणि मग ती बऱ्याच देशांत पसरली. त्याचे नियम कडक आहेत, पूर्ण कॉटन, 60 अंशाला धुता येईल असं, पाय ताणूनही 22 सेंटीमीटरपेक्षा लांब नको, वीण इतकी घट्ट की आतलं भरण बाहेर येऊ नये. असं काही करावंसं वाटलं तर आधी त्या हॉस्पिटलला विचारा, सगळीकडे ते घेत नाहीत. आणि घेत असतील तरी हे शिकाऊ हाताचं काम नव्हे, वीण पक्की झाल्यावर करा.

फोटो टाकताना नमुना कोणाचा ते लिहा, सुई आणि लोकर पण लिहा, बघणाऱ्याला तेवढ्यानेच करून बघता येतं. विकत घेतलेली पॅटर्नची फाईल मात्र कोणी मागितली म्हणून पुढे पाठवू नका, ज्याने आकडे बसवायला रात्री घातल्यात त्याचं ते काम आहे. आणि पॅटर्न वाचायला घेतलात की आधी तो अमेरिकन शब्दांत आहे की ब्रिटिश ते बघा, अमेरिकन सिंगल क्रोशेला ब्रिटिश डबल क्रोशे म्हणतात आणि अमेरिकन डबलला ब्रिटिश ट्रेबल. चौकोनात हे चुकलं तर नुसता बुटका किंवा उंच चौकोन होतो, अमिगुरुमीत चुकलं तर सगळं भोकाभोकांचं होऊन भरण दिसायला लागतं.

एकटीने, रोज थोडा वेळ, शांत बसून मोजत काम करायला आवडत असेल आणि हाताला दुखणं नसेल तर खुशाल अमिगुरुमीने सुरुवात करा, माझं सगळं वरचं बाजूला ठेवून. फक्त पहिलं बाहुलं बिनहातापायाचं निवडा, एका तुकड्यात विणलं जाणारं, गोलमटोल कोंबडीचं पिल्लू किंवा देवमासा वगैरे. बाकीच्यांनी डीके (म्हणजे मध्यमपेक्षा थोड्या बारीक) जाडीची अ‍ॅक्रिलिक आणि 4 मिमी सुई घेऊन चौकोनाला बसा, आणि त्याच वेळी 3 मिमीची एक सुई पण घेऊन ठेवा, चौकोनातून उरलेल्या गुंड्यांमधे पहिलं पिल्लू आरामात होतं.