चरईतला फ्रेमवाला आणि लष्करी नर्सची सहा पदकं

ठाण्यात चरईच्या आतल्या गल्लीत फ्रेमचं एक छोटं दुकान आहे. पदकांसाठी लागते तशी दीड इंच खोलीची पेटी-फ्रेम इथे फार चांगली बनते. कोपरे घट्ट, काच चोख, शिलाई बारीक. हातकामाला पैकीच्या पैकी. पदकांचा क्रम मात्र दुकानावर सोडू नका. लष्करी परिचारिकेच्या पदकांत तिची सगळी नोकरी वाचता येते, आणि क्रम चुकला की ते वाचनच चुकतं.

इथे दिलेला संच होता इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधल्या एका सिस्टरचा. दुसरं महायुद्ध आणि त्यानंतर लगेच काश्मीर, अशी त्यांची सेवा. दुकानात पहिली मांडणी झाली ती शोभेची: दोन तारे दोन टोकांना, चार गोल पदकं मध्ये. दिसायला सुरेख, पण साफ चूक. घरचे लोक मग तारखेप्रमाणे लावायला सांगतात, तेही चूकच. आपल्याकडे स्वतंत्र भारताची पदकं आधी आणि ब्रिटिश काळातली नंतर लागतात. म्हणून बघणाऱ्याच्या डावीकडून: जनरल सर्व्हिस मेडल 1947 (वर जम्मू-काश्मीरची धातूची पट्टी), इंडियन इंडिपेंडन्स मेडल, 1939-45 स्टार, बर्मा स्टार, वॉर मेडल आणि शेवटी इंडिया सर्व्हिस मेडल. हा क्रम कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून, पदकं ओळीत ठेवून काढलेल्या फोटोसह द्या. दुकानदार ऐकतो, वाद घालत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू.

दुसरी चूक फितीची. 1939-45 स्टारच्या फितीवर गडद निळा, लाल आणि फिकट निळा असे तीन सारखे पट्टे असतात: नौदल, भूदल, हवाईदल. गडद निळा पट्टा छातीच्या मध्याकडे, म्हणजे फ्रेममध्ये बघणाऱ्याच्या डाव्या हाताला हवा. शिवताना फीत उलटली की हवाईदल पुढे जातं. इथेही ती उलटली होती. दाखवल्यावर उसवून पुन्हा शिवून दिली, जादा पैसे न घेता. बर्मा स्टारची फीत दोन्ही बाजूंनी सारखी असल्यामुळे तिथे हा धोका नाही.

बर्मा स्टार पाहिला की लोकांना बंदुका आठवतात. नर्सच्या बाबतीत ताऱ्यामागे तापाचा वॉर्ड समजावा. 11 डिसेंबर 1941 ते 2 सप्टेंबर 1945 हा त्याचा काळ. त्यात 1 मे 1942 पासून आसाम-बंगालमधली सेवाही धरली जायची, त्यामुळे सीमेअलीकडच्या इस्पितळातल्या सिस्टरलाही तो मिळू शके. 1943 मध्ये बर्माच्या आघाडीवर एका जखमी माणसामागे 120 आजारी माणसं मागे पाठवावी लागत होती. मलेरिया, हगवण, टायफस. मलेरिया रोखणारी मेपाक्रिनची पिवळी गोळी समोर उभं राहून गिळायला लावणं, तापाचे तक्ते भरणं, सुकत चाललेल्या माणसाच्या पोटात पाणी जात राहील हे बघणं, या कामाचा तो तारा आहे. वॉर मेडलला 28 दिवसांची पूर्णवेळ सेवा पुरे होती, इंडिया सर्व्हिस मेडलला मात्र देशात तीन वर्षं लागत. शेवटी लावलेलं हे साधं पदक म्हणूनच दुर्लक्षू नये.

पॉलिशला ठाम नाही म्हणा. दुकानातल्या पोऱ्याने चिंच आणि पितळेची पावडर सुचवली होती. तारे तांबं-जस्ताच्या मिश्रधातूचे, वॉर मेडल तांबं-निकेलचं. घासलं की राजाच्या चेहऱ्याची आणि मुकुटाची धार जाते आणि ती परत येत नाही. कोरड्या मऊ सुती कापडाने पुसणं पुरे.

पाठीमागे एमडीएफ (लाकडाच्या भुश्याची दाबलेली पाटी) आणि मखमल हा इथला नेहमीचा माल. दोन्ही नकोत. एमडीएफमधून सुटणारी वाफ बंद पेटीत कोंडते आणि धातू काळवंडतो. रंगवलेली मखमल ओल धरते. आम्लरहित माउंटबोर्डवर (मागच्या जाड पुठ्ठ्यावर) न रंगवलेलं सुती कापड मागा. ते दुकानात नसतं, मागवायला आठवडा जातो. पदकं ग्लू गनने चिकटवू देऊ नका. फितीच्या वरच्या घडीतून आणि कडीतून दोऱ्याने टाके घालून घ्या. फीत विरली असेल तर विरलेला भाग मागे दुमडायचा. नवी लावलीच तर जुनी पाकिटात घालून फ्रेमच्या पाठीशी ठेवायची. काच आणि पदक यांच्यात अर्धा इंच तरी अंतर हवं. तारा 38 मिमी रुंद, फीत 32 मिमी. सहा पदकं एकमेकांवर न चढवता बसवायला 16 इंच रुंदी लागते. दुकानाचं माप बरोबर निघालं.

एखाद्या संचात रॉयल रेड क्रॉस असेल तर विशेष सांभाळा. 1883 पासूनचा हा परिचारिकांचा सन्मान, आणि स्त्रिया तो फितीच्या बोवर, म्हणजे फुलासारख्या गाठीवर, लावत. बो उसवून सरळ फीत करून घेतलेली फ्रेम कितीही देखणी असली तरी बिघडलेलीच.

नावाच्या पितळी पट्टीवरची देवनागरी इथे सुबक कोरतात. मजकूर मात्र तुम्हीच द्या. ‘नर्स, आर्मी मेडिकल कोअर’ असं सर्रास लिहिलं जातं. ती कोअर वेगळी. 1 ऑक्टोबर 1926 ला स्थापन झालेली नर्सिंग सर्व्हिस ही स्वतंत्र सेवा, आणि 1943 च्या अध्यादेशाने तिच्यातल्या परिचारिका कमिशन्ड अधिकारी झाल्या. हुद्दा कागदपत्रांत असेल तर तो पट्टीवर आलाच पाहिजे. ते कागद आणि मूळ फोटो मात्र फ्रेममध्ये घालू नका, लॅमिनेट तर अजिबात नको. स्कॅन करून प्रत लावा.

साध्या काचेसह साडेतीन हजार, अतिनील किरण अडवणाऱ्या अॅक्रिलिकसह सुमारे पाच हजार. दुसरा पर्याय घ्या, फितीचे रंग उन्हाने आधी उडतात. पाठ खिळ्यांनी ठोकू न देता फिरत्या खुंट्यांनी बंद करून घ्या, म्हणजे आतली सिलिका जेलची पुडी दर पावसाळ्यानंतर बदलता येते. चारही कोपऱ्यांना मागून रबरी बंपर लावून मागा. ठाण्यातल्या बाहेरच्या भिंती जुलैत घाम धरतात, तेव्हा फ्रेम आतल्या भिंतीवरच टांगा.